रुबाईची तिसरी ओळ

मागच्या वेळी आपण गझलेवर बोललो, तेव्हा एकांनी विचारलं होतं, ‘रुबाई म्हणजे फारसी चारोळीच ना?’ आज तिथूनच सुरुवात करू.

चार ओळी, एवढंच साम्य. रुबाईचं वृत्त ठरलेलं असतं. त्याची २४ रूपं मान्य आहेत आणि एकाच रुबाईत ती मिसळलेली चालतात, कारण ओळीचं मूळ माप २० मात्रांचंच राहतं. पहिली, दुसरी आणि चौथी ओळ यमकाने बांधलेली, तिसरी बहुधा मोकळी. (चारही ओळी सयमक असलेल्या रुबायाही आहेत.)

खरी गंमत या तिसरीत आहे. दोन ओळींत कान यमकाला सरावतो. तिसरीत ते येत नाही, आपण क्षणभर अधांतरी राहतो आणि चौथी निकाल लावते. खय्यामच्या नावावरच्या रुबायांमधला कुंभार आठवा. चाक फिरतंय, माती तुडवली जातेय. शेवटी कळतं, ही माती कधीकाळी कुणा राजाचं मस्तक होती. आपल्या गोरोबाकाकांच्या थापटण्याखाली कच्चं ठरलेलं मडकं पुढे पक्कं होऊ शकतं. खय्यामच्या मडक्याला ती सोय नाही.

आपल्या कोथरूडहून फार लांब नसलेल्या फर्ग्युसनमध्ये माधव जूलियन फारसी शिकवत. १९२९ मध्ये त्यांनी मूळ फारसीवरून खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या. १९३१ मध्ये फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून ‘द्राक्षकन्या’. एकाच कवीने दोन्ही वाटा चालून पाहिल्या, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. कारण या दोन वाटांनी भेटणारा खय्याम एक नाही.

फारसी संग्रहांत रुबाया बहुधा यमकाच्या शेवटच्या अक्षरानुसार लावलेल्या असतात. शेजारच्या दोघींचा अर्थाने संबंध असेलच असं नाही. एक देवाशी भांडते, दुसरी क्षमा मागते. फिट्झजेराल्डने १८५९ च्या आवृत्तीत ७५ चौपद्या पहाटेपासून चंद्रोदयापर्यंत ओवल्या. काव्य म्हणून ते सुरेखच. पण त्या ओवण्यामुळे खय्यामला एक ठाम मत मिळालं, प्याला उचला आणि विसरा. खय्याम वारला ११३१ मध्ये. फिट्झजेराल्डपुढची ऑक्सफर्डची १५८ रुबायांची पोथी १४६० ची. मधल्या तीनशेहून अधिक वर्षांत किती हात लागले असतील! मग हे ठाम मत नेमकं कुणाचं म्हणायचं?

म्हणून आमचं म्हणणं, रुबाया सलग वाचू नका. एक वाचा, तिसऱ्या ओळीवर थांबा, चौथी मोठ्याने म्हणा, पुस्तक मिटा. दुसरी उद्या.

चला, आता प्रश्न घेऊ.