देव नोकरी मागतो तेव्हा : ॲरिस्टोफेनीसचे ‘प्लूटस’

ग्रीक देवांना पैशाच्या चणचणीत टाकून हसू निर्माण करणे ही युक्ती नवी नव्हे. मेरी फिलिप्स यांच्या २००७ च्या इंग्रजी कादंबरीत ऑलिंपसचे देव लंडनमधील एका मोडकळीस आलेल्या घरात राहतात आणि शिकारीची देवी आर्टेमिस लोकांची कुत्री फिरवून पोट भरते. कल्पना गमतीची आहे, पण विनोद बहुधा तिथेच थांबतो. इ.स.पू. ३८८ मधील ‘प्लूटस’ नाटकात तो थांबत नाही.

स्पार्टाकडून इ.स.पू. ४०४ मध्ये हरलेले अथेन्स अजून सावरत होते. लोकसभेच्या तीन ओबोल भत्त्यासाठी नागरिक रेटारेटी करतात, हे नाटकातच येते. झ्यूसने संपत्तीचा देव प्लूटस याला आंधळे केले, म्हणून पैसा नालायकांकडे जातो. क्रेमिलस हा गरीब शेतकरी त्याला अस्क्लेपिअसच्या मंदिरात नेऊन डोळस करतो. सज्जन श्रीमंत होतात आणि देवांचा नैवेद्य बंद पडतो.

उपाशी हर्मीस मग क्रेमिलसच्या दारी येतो. शेतकऱ्याचा गुलाम कॅरिअन त्याची जणू मुलाखतच घेतो. दाराचा रक्षक, व्यापाराचा देव, कपटाचा देव, वाटाड्या ही हर्मीसची परंपरागत बिरुदे. इथे ती नोकरीच्या अर्जातील पात्रता होतात आणि एकामागून एक नाकारली जातात. अखेर खेळांच्या स्पर्धांचा देव म्हणून त्याची वर्णी लागते, आणि पहिले काम मिळते ते विहिरीवर जाऊन आतडी धुण्याचे! पुराणाची अशी थट्टा करायला पुराण पाठ असावे लागते.

मात्र नाटकाचे खरे बळ दारिद्र्यदेवी पेनियाच्या वादात आहे. गरिबी म्हणजे भिकारीपण नव्हे, असे ती बजावते; सगळेच धनवान झाले तर लोहारकाम, शिवणकाम कोण करील? गुलाम करतील, असे क्रेमिलस म्हणतो. मग गुलाम विकायला तरी कोण येईल, असा तिचा उलट प्रश्न. क्रेमिलसपाशी उत्तर नाही. तो तिला हाकलून देतो. काही अभ्यासकांना ही लेखकाची पळवाट वाटते. परंतु हा प्रश्न प्रेक्षकांसमोर तसाच उघडा राहतो, हे त्यांनी ध्यानात घेतलेले दिसत नाही. थोड्याशा चांदीपायी आपण गुलाम झालो, असे कॅरिअन सुरुवातीलाच सांगतो. घर सोन्याने भरल्यावरही तो गुलामच आहे, आणि देवाला आतडी धुवायला पाठवणाराही तोच.