प्याल्याच्या आधीची तहान

दिवाळी अंकासाठी टीकालेख लिहावयाचा तर विषय सणाला साजेसा असावा, असा एक शिष्टाचार आहे. चकली-करंजीच्या ताटाशेजारी हा अंक उघडला जातो. आजोबांपासून कॉलेजात जाणाऱ्या नातीपर्यंत घरातले सारेच तो चाळतात. म्हणून माझा यंदाचा विषय पाहून काहींच्या भुवया उंचावतील, हे मी जाणून आहे. पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषांपैकी काहीजण एकमेकांच्या सहवासात मादक द्रव्ये घेतात आणि त्यापायी त्यांच्या मनाची वाताहत होते. या दुःखाकडे आपल्या वाङ्मयाने कसे पाहिले, हा तो विषय होय. तो घरापासून फार दूरचा वाटतो. मलाही तसाच वाटत होता.

पंधराएक वर्षांपूर्वी उरणच्या एका शाळेत स्नेहसंमेलनासाठी मी ‘एकच प्याला’तील एक प्रवेश बसविला होता. बालगंधर्वांची परंपरा मुलांना कळावी, या हौसेने सिंधूची भूमिका मी एका मुलाला दिली. पोराने जीव ओतून काम केले. प्रेक्षक मात्र हसत सुटले, आणि खरे सांगायचे तर विंगेत उभा राहून मीही हसलो. पुढे वर्गात त्याचे नाव ‘सिंधू’च पडले. मी ते थांबविले नाही. उलट, नंतर लिहिलेल्या एका कादंबरीत मी त्याच चालीबोलीचा एक कारकून घालून वाचकांना चार ठिकाणी हसविले. परीक्षणकारांनी त्या पात्राला ‘खुसखुशीत’ म्हटले, तेव्हा मी खूष झालो होतो.

गेल्या पावसाळ्यात तो मला भेटावयास आला. आता तो मुंबईत नोकरी करतो. म्हणजे करीत होता. आम्ही मोरा बंदरावर बसलो होतो. समोर खाडीपलीकडे मुंबईचे दिवे लागत होते. त्या दिव्यांतल्या एका बंद खोलीत आपले शनिवार-रविवार कसे जात, ते त्याने सांगितले. (त्याच्या अनुमतीनेच मी हे लिहीत आहे, ओळख पटेल असे काही ठेवलेले नाही.) फोनवर निरोप येई. तेथे ‘एमडी’ असे, म्हणजे मेफेड्रोन. त्यालाच मुंबईत ‘म्यावम्याव’ म्हणतात. कधी क्रिस्टल मेथ असे. दोन-दोन रात्री झोप नाही, अन्न नाही. मग मंगळवार उजाडे तो काळाकुट्ट. कोणी आपल्यावर पाळत ठेवून आहे असे वाटे, नसलेले आवाज ऐकू येत, आणि जगण्यात काही राम उरलेला नाही अशी खात्रीच होई. “मग जात का होतास रे?” असे मी मास्तरी प्रश्न विचारला. तो म्हणाला, “सर, नशा असेपर्यंत मला माझी लाज वाटत नसे.”

घरी येऊन मी गडकऱ्यांचे नाटक पुन्हा काढले. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले १९१९ मध्ये, गडकऱ्यांच्या निधनानंतर. तेव्हापासून आपण ते मद्यनिषेधाचे नाटक म्हणूनच वाचीत आणि शिकवीत आलो. पहिला प्याला घेतला की सर्वनाश अटळ, एवढे तात्पर्य फळ्यावर लिहून मीही कित्येक वर्षे मोकळा झालो. परंतु सुधाकर पितो तो चवीसाठी नव्हे. तो बुद्धिमान आणि स्वाभिमानी वकील आहे. सनद काही काळासाठी रद्द होते आणि चारचौघांत त्याची मान खाली जाते. अपमानाची ती आग विझविण्यासाठी तळीराम त्याच्या हाती प्याला देतो. गडकऱ्यांना प्याल्याच्या आधीची तहान दिसली होती. नाटकाच्या ओघात ती मागे पडते, आणि आपण प्रेक्षकांनी तर ती पार विसरून टाकली. आपल्या ध्यानात राहिली ती बाटली.

सुधाकराचा अपमान एका दिवसाचा होता. वयात आल्यापासून रोज थोडाथोडा अपमान ज्याच्या वाट्याला येतो, त्याचे काय होत असेल? कायद्याने त्याला १८६० च्या दंडसंहितेपासून गुन्हेगार ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो कलंक पुसला ६ सप्टेंबर २०१८ रोजी. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता रोगांच्या यादीतून वगळली ती १९९० मध्ये. म्हणजे हा रोगही नाही आणि गुन्हाही नाही. पण न्यायालयाचा निकाल स्वयंपाकघरापर्यंत पोहोचावयास वेळ लागतो. आणि शाळेच्या मधल्या सुटीपर्यंत पोहोचावयास, मी पाहतो आहे, त्याहूनही अधिक.

गंमत अशी की, ज्या महाराष्ट्राने नऊवारी नेसलेल्या बालगंधर्वांना डोक्यावर घेतले, त्याच महाराष्ट्राला हळव्या चालीच्या मुलाचे हसू येते. रंगभूमीवरील स्त्रीभूमिका आणि माणसाचा प्रेमाचा कल यांचा परस्परसंबंध नाही, हे खरे. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, आपण कोमलतेला रंगमंचावर टाळी देतो आणि रस्त्यावर टोमणा.

मराठी साहित्याने या माणसांकडे पाहिलेच नाही असे मात्र नव्हे. तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. त्यात स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री आहे. नाटक तिच्याकडे धीटपणे पाहते, पण अखेर तिच्या वाट्याला आत्मनाशच येतो. पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन करणारे बिंदुमाधव खिरे यांनी ‘पार्टनर’मध्ये हे जगणे आतून आणि साध्या भाषेत सांगितले. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्ल्यू’त (२००६) घरी राहावयास आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघेही जीव लावतात, आणि तो दोघांनाही सोडून जातो. बहिणीच्या दुःखाला घरात नाव आहे. सारे घर तिच्यासाठी हलते. भावाचे दुःख तितकेच खोल आहे, पण त्याला नावच नाही, म्हणून त्याचे सांत्वनही नाही. या कादंबरीचे सारे सामर्थ्य मला या विषमतेत दिसते. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाला २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांतील सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यात वडिलांच्या सुतकात गावी आलेल्या आनंदला बालमित्राचा आधार मिळतो. आणि त्याच्या आईला त्याचे मन ठाऊक असते. तेथे जवळीक साधण्यासाठी कोणत्याही नशेची गरज पडत नाही. आईला ठाऊक असणे आणि गरज न पडणे या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत.

दुसरीकडे व्यसनावरचे लेखनही आपल्याकडे आहे. अनिल अवचटांनी ‘गर्द’ लिहिताना व्यसनी माणसाला पाप्याच्या रांगेतून उठवून रुग्णाच्या खाटेवर आणले. त्याच ओघात १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले, आणि पु. ल. देशपांड्यांनी त्याला हातभार लावला. एका लेखनाने एवढे घडू शकते! पण या दोन धारा एकत्र आलेली मराठी कलाकृती माझ्या वाचनात नाही. जो जवळीक साधता यावी म्हणूनच नशा करतो, तो माणूस दोन्ही धारांच्या मधल्या कोरड्या पात्रात उभा आहे.

परदेशात या प्रकाराला नाव मिळून काही काळ लोटला. लंडनमध्ये डेव्हिड स्टुअर्ट या कार्यकर्त्याने ‘केमसेक्स’ हा शब्द रूढ केला. तो स्वतः त्याच वाटेने होरपळून बाहेर आला होता. त्याच नावाचा एक माहितीपट २०१५ मध्ये आला. नाव मिळाले की उपचार शोधता येतात, हा त्याचा लाभ.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ‘आधीच बदनाम असलेल्या लोकांविषयी हे लिहून तुम्ही टवाळांच्या हाती कोलीतच देता.’ अशा पुरुषांतले बहुसंख्य लोक या वाटेला जात नाहीत, हे लेखकाने विसरता कामा नये. परंतु बदनामीच्या भयाने दुःख झाकले, तर ते भोगणारा आणखी एकटा पडतो. उपाय मौनात नाही. चांगल्या लेखनात आहे. त्या लेखनाने तीन मोह टाळावेत. पहिला, चवीने वर्णन करण्याचा. दुसरा, शेवटी नायकाला मारून वाचकाला रडविण्याचा. आणि तिसरा, जो माझ्यासारख्या मास्तरांना हमखास पडतो, तो तात्पर्याचा.

खरे तर सुटका ही नाट्यमय नसते. मेफेड्रोन किंवा मेथची ओढ घालविणारी अशी एखादी हुकमी गोळी नाही. बोलणे, ऐकून घेणे, खिन्नतेवर उपचार, मध्येच पाय घसरणे आणि पुन्हा उभे राहणे असाच तो मार्ग आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करण्यास मनाई केली आहे, आणि ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. त्याने तो क्रमांक एका मंगळवारी फिरविला. आज तो उपचार घेत आहे. मध्ये एकदा घसरला, तेही त्याने मला सांगितले.

माझ्या कादंबरीतील त्या कारकुनाबद्दल मी त्याची क्षमा मागितली. “ते मी वाचलं होतं, सर,” एवढेच तो म्हणाला. एखाद्या टीकाकाराने माझ्या पुस्तकाचे इतके नेमके परीक्षण केलेले नाही.

या भाऊबिजेला तो उरणला येणार आहे. बहिणीला सारे ठाऊक आहे. आईला अजून नाही.