खटल्यानंतरच्या रखमाबाई : चरित्रकथनातील एक रिकामी जागा

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या स्त्रीविषयक सुधारणेचा इतिहास लिहिताना डॉ. रखमाबाई (१८६४–१९५५) यांचा उल्लेख टाळता येत नाही. मात्र हा उल्लेख बहुधा 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई' या खटल्यापाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. खटला १८८४ मध्ये दाखल झाला व १८८८ मध्ये मिटला. रखमाबाई त्यानंतर सदुसष्ट वर्षे जगल्या. चार वर्षांनी एवढे दीर्घ आयुष्य झाकून टाकावे हा केवळ योगायोग नव्हे. विवाहबंधनातून बाहेर पडलेल्या स्त्रीची कथा कशी सांगावी, याविषयीच्या आपल्या चरित्रकथनाच्या सवयींचा तो परिणाम आहे. प्रस्तुत लेखात या सवयींचा विचार केला आहे.

खटल्याची हकिकत परिचित आहे. अकराव्या वर्षी झालेला विवाह, सासरी नांदण्यास नकार आणि पतीने हक्कासाठी घेतलेली न्यायालयात धाव. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जावे, अन्यथा सहा महिने कारावास भोगावा, असा हुकूम दिला. कारावासाची तयारी दाखविणारी बावीस वर्षांची तरुणी हे दृश्यच असे नाट्यपूर्ण आहे की कथनकाराचे पाऊल तेथून पुढे पडत नाही. अनंत महादेवन यांच्या 'डॉक्टर रखमाबाई' (२०१६) या चित्रपटाचाही कणा खटला हाच आहे.

या नाट्याला साजेसा शेवट म्हणून एक दंतकथाही रूढ झाली आहे. राणी व्हिक्टोरियाने हुकूम काढून हा विवाह रद्द केला, असे आजही सर्रास लिहिले जाते. वस्तुस्थिती अशी की, जुलै १८८८ मध्ये उभयपक्षी तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकुमाच्या अंमलबजावणीचा हक्क सोडला. एप्रिल १८८७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात रखमाबाईंनी राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षाचा उल्लेख करून कायदा बदलण्याची विनंती केली होती. ती विनंती आणि पुढची तडजोड यांची लोकस्मृतीत सरमिसळ झाली असावी. पण ही चूक केवळ तपशिलाची नाही. राणीच्या हुकुमाने विवाह 'संपतो'. तडजोडीने तो संपत नाही. तत्कालीन हिंदू कायद्यात न्यायालयामार्फत घटस्फोटाची सोय नव्हती. दादाजींनी पुढे दुसरा विवाह केला. रखमाबाई कायद्याच्या दृष्टीने पत्नीच राहिल्या. ज्या विवाहाला त्यांनी कधी संमती दिली नाही, त्याचा शेवट करणारा एकही कागद त्यांच्या हाती नव्हता. सुधीर चंद्र यांच्या 'एनस्लेव्ह्ड डॉटर्स' (१९९८) या ग्रंथाने खटल्याचा कायदेशीर गुंता तपशिलाने उलगडला असतानाही राणीची कथा टिकून आहे, यावरून सुखद शेवटाची आपली भूक किती मोठी आहे ते कळते.

याच पार्श्वभूमीवर १९०४ मधील एक घटना वाचावी लागते. दादाजींच्या निधनानंतर रखमाबाईंनी विधवेचे पांढरे वस्त्र स्वीकारले, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. 'ए हिंदू लेडी' या टोपणनावाने १८८५ मध्ये बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर 'टाइम्स ऑफ इंडिया'तून प्रहार करणारी स्त्री वैधव्याची खूण धारण करते, ही विसंगती अभ्यासकांना अवघडवून टाकते. कोणी तिला संस्काराचा विजय मानतात, तर कोणी ती अनुल्लेखाने टाळतात. दोन्ही वाचने घाईची आहेत. सोळा वर्षे त्या कायद्याने पत्नी आणि व्यवहाराने अविवाहित अशा, समाजाजवळ नाव नसलेल्या अवस्थेत जगत होत्या. वैधव्य ही निदान समाजाला कळणारी अवस्था होती. सुरतेच्या परंपरानिष्ठ घरांतील स्त्रियांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला ती उपयोगाची ठरली असेल, असा तर्क करता येतो. अर्थात तो तर्कच आहे. परंतु पत्नीपद नाकारणाऱ्या स्त्रीने त्या पदाचा शेवट स्वतःच्या अंगावरील वस्त्राने जाहीर करावा, यात शरणागतीपेक्षा हिशेब पुरा केल्याचा भाव अधिक संभवतो.

नावाचा प्रश्नही असाच बोलका आहे. समकालीन उल्लेखांतून त्या बहुधा केवळ 'रखमाबाई' म्हणून भेटतात. पतीचे नाव त्यांच्या नावाला चिकटत नाही. 'राऊत' हे आज सरसकट जोडले जाणारे आडनाव सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचे आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित असलेल्या या वैद्याच्या घरात त्या वाढल्या. तेव्हा ते आडनाव अगदीच गैरलागू नाही. तरीही स्त्रीचे नाव अपुरे वाटून ते कोणा पुरुषाच्या आडनावाने पुरे करण्याची ही घाई नोंदवण्यासारखी आहे.

येथे मराठी आत्मचरित्राच्या परंपरेकडे वळावे लागते. रमाबाई रानडे यांच्या आठवणी (१९१०) आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' यांच्या केंद्रस्थानी पती आहे. पार्वतीबाई आठवले यांची कहाणी विधवेची आहे. आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' पुनर्विवाहितेचे. पत्नी, विधवा, पुनर्विवाहिता या तिघींना आपापला कथनप्रकार लाभला. पती हयात असताना त्याच्यापासून दूर राहून स्वतःचे आयुष्य उभारणाऱ्या स्त्रीसाठी तसा साचा त्या काळात उपलब्ध नव्हता. रखमाबाईंचे आत्मचरित्र नाही, याचे कारण केवळ त्यांच्या संकोची स्वभावात शोधणे पुरेसे नाही. मोहिनी वर्दे यांच्या 'डॉ. रखमाबाई : एक आर्त' या चरित्राचे महत्त्व त्यामुळेच वाढते. मात्र 'आर्त' हा शब्द व्यथेकडे आणि ओढीकडे निर्देश करतो. रखमाबाईंच्या उत्तरायुष्याला तो कितपत पेलतो, हा प्रश्न उरतोच.

कारण ते उत्तरायुष्य कामाचे होते. डॉ. एडिथ पेची यांच्या प्रोत्साहनाने १८८९ मध्ये त्या लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. शिक्षण पुरे करून परतल्यावर सुरत आणि पुढे राजकोट येथे स्त्रियांच्या इस्पितळांत सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी सेवा केली. बाळंतपणे, ताप, औषधे, इस्पितळाची व्यवस्था. यात प्रसंग आहेत, पण नाट्य नाही. न्यायालयात त्या कोणाच्या तरी पत्नी म्हणून उभ्या होत्या, मग ती पत्नीपण नाकारणारी का असेना. इस्पितळात मात्र त्या प्रश्नाला काही स्थान नव्हते. दारी आलेल्या बाईला डॉक्टर हवी होती. ओळख घडते ती येथे, रोजच्या आणि पुनरावृत्त कृतीतून. आपले चरित्रकथन संघर्षाला सरावलेले आहे. पुनरावृत्ती कशी लिहावी हे त्याला उमगलेले नाही. म्हणून 'पुढे त्यांनी वैद्यकीय सेवेला वाहून घेतले' या एका वाक्यात पस्तीस वर्षे उरकली जातात. 'वाहून घेणे' या क्रियापदात त्यागाची छटा आहे. पगार घेऊन, जबाबदारीच्या पदावर, कोणावरही भार न होता जगणाऱ्या स्त्रीबद्दल ते वापरताना निदान थबकायला हवे.

१९२९ मध्ये त्यांनी पडदा पद्धतीच्या निर्मूलनावर इंग्रजीत लेख लिहिला. वयाच्या पासष्टीच्या सुमारास त्यांची लेखणी पुन्हा स्त्रियांच्या प्रश्नाकडे वळली, ती इस्पितळातील साडेतीन दशकांच्या अनुभवानंतर. १८८५ ची पत्रे आणि हा लेख शेजारी ठेवून झालेला अभ्यास मराठीत हवा आहे. रखमाबाईंचे निधन २५ सप्टेंबर १९५५ रोजी झाले. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षी, १८ मे रोजी अमलात आला होता.