‘अनेक डोळ्यां’चा सिद्धान्त आणि वेब सर्व्हरची सुरक्षा : एक चिकित्सा

प्रस्तावना :
एरिक रेमंड यांचा ‘द कथीड्रल अँड द बझार’ हा निबंध १९९७ मध्ये प्रथम सादर झाला व १९९९ मध्ये ग्रंथरूपाने आला. सॉफ्टवेअरची मूळ संहिता पाहणारे लोक पुरेसे असतील तर त्यातील दोष फार काळ दडून राहत नाहीत, असे प्रतिपादन त्यात आहे. वेब सर्व्हरच्या सुरक्षेबाबत ते कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
अपाचे, एनजिनएक्स हे सर्व्हर संदेश कूटबद्ध करण्यासाठी ओपनएसएसएल या मुक्तस्रोत आज्ञावली-संचाचा आधार घेतात. मार्च २०१२ मध्ये आलेल्या त्याच्या १.०.१ या आवृत्तीत ‘हार्टब्लीड’ हा दोष होता. समोरच्या संगणकाने सांगितलेली संदेशाची लांबी पडताळून न पाहताच उत्तर पाठविले जाई. परिणामी एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत स्मृतीतील मजकूर, प्रसंगी पासवर्डसुद्धा, परक्याच्या हाती पडू शकत होता. संहिता सर्वांना खुली असूनही हा दोष ७ एप्रिल २०१४ रोजी, म्हणजे दोन वर्षांनी जाहीर झाला.

याचे कारण रेमंड यांच्या गृहीतकातच आढळते. त्यांचा अनुभव प्रामुख्याने फेचमेल या ई-मेल आणणाऱ्या आज्ञावलीचा होता. तेथे दोष वापरकर्त्याचे काम अडवतो, म्हणून तो तक्रार करतो. सुरक्षेतील दोष मात्र प्रामाणिक वापरकर्त्याला जाणवतच नाही. सर्व्हर सुरळीत चालू राहतो. असा दोष मुद्दाम शोधावा लागतो. हार्टब्लीड शोधणारे गूगलचे नील मेहता आणि फिनलंडच्या कोडेनॉमिकॉनचे अभियंते हे व्यावसायिक सुरक्षातज्ज्ञच होते. याउलट ओपनएसएसएलला तोवर वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर इतकीच देणगी मिळत असे.

तथापि, बंदिस्त संहिता हा यावरील उपाय नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरमधील एका दोषावरील दुरुस्ती जून २००१ मध्ये उपलब्ध होती. तरीही अनेकांनी ती बसविली नाही. जुलैमध्ये ‘कोड रेड’ने १४ तासांच्या आत साडेतीन लाखांहून अधिक संगणक बाधित केले.

निष्कर्ष :
खुलेपणामुळे संहिता तपासण्याचा अधिकार सर्वांना मिळतो. तपासण्याची जबाबदारी मात्र कोणावर पडत नाही. रेमंड यांच्या प्रतिपादनात हा भेद सुटला आहे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, म्हणून त्याची तपासणीही विनामूल्य होईल असे मानणाऱ्या प्रत्येक संस्थेने तो लक्षात घ्यावयास हवा.