दिनार, दाम आणि आपले भाषांतरकार

इतिहासविषयक पुस्तकें व जुन्या प्रवासवृत्तांचीं भाषांतरें वाचतांना एक दोष मला वारंवार आढळतो. परक्या नाण्याचें नांव आलें, कीं लेखक तें सोन्याचें समजून खुशाल पुढें जातो. तें नाणें कोणत्या काळचें, कोणत्या धातूचें, हा प्रश्न त्यास पडतच नाहीं.

‘दिनार’ हाच शब्द घ्या. मूळचा रोमन ‘देनारियस’ रुप्याचा. आपल्याकडील गुप्तकालीन लेखांतला दिनार मात्र सोन्याचा, आणि सातव्या शतकाच्या अखेरीस खलीफा अब्दुल मलिक यानें पाडलेला दिनारही सोन्याचाच. पुढें इराणांत या नांवाची इतकी घसरण झाली, कीं १०,००० दिनारांचा एक तुमान असा केवळ हिशेब उरला. ‘तुमान’ या शब्दाचा अर्थच मुळीं दहा हजार! काजार राजवटींत १८२५ पासून १,००० दिनार म्हणजे रुप्याचा एक किरान. आतां, त्या काळच्या एखाद्या वृत्तांतांत हमालास हजार दिनार मिळाले असें समजा. भाषांतरकारानें त्यांच्या ‘हजार सुवर्णमुद्रा’ केल्या, तर तो बिचारा एका ओळींत धनाढ्य होतो.

दामाची कथाही अशीच. ग्रीक ‘द्राख्मा’पासून ‘द्रम्म’ झाला. कोंकणच्या शिलाहारांच्या लेखांत तो भेटतो. त्याचाच वंशज ‘दाम’ अकबराच्या काळीं तांब्याचा होता, व ४० दामांचा एक रुपया धरीत. अबुल फजलानें ‘आईने अकबरी’ या ग्रंथांत सुभ्यांचा वसूल दामांत दिला आहे. तो आंकडा रुपयांचा समजल्यास मोगलांचें उत्पन्न चाळीसपट फुगतें.

कोणी म्हणेल, हा विद्वानांचा काथ्याकूट आहे. वाचकाला हवी ती गोष्ट. मला हें मान्य नाहीं. आपल्या घरांतील मुलें पुष्कळसा इतिहास अशाच पुस्तकांतून शिकतात. मजुराची कमाई आणि बादशहाचा खजिना यांतील अंतर ज्या लेखनांत पुसलें जातें, त्याची भाषा कितीही डौलदार असो, त्यावर विश्वास कसा ठेवावा?

उपाय अवघड नाहीं. मूळ नांव तसेंच ठेवावें, आणि प्रथम उल्लेखाच्या वेळीं धातु व विनिमयाचा दर एका ओळींत सांगावा. नांव टिकतें, नाणें बदलतें, एवढें ध्यानांत ठेविलें तरी पुरें.