चिलखतातली फट

क्रिस्टोफर नोलनच्या ‘बॅटमॅन बिगिन्स’मध्ये (2005) वेन कंपनीतला लुशियस फॉक्स ब्रूस वेनला, म्हणजे होऊ घातलेल्या बॅटमॅनला, धूळ खात पडलेलं एक चिलखत दाखवतो. केव्हलरचं दुहेरी विणकाम, सांध्यांना जादा बळकटी. सुरी अडवतं आणि अगदी समोरून नेमकी बसली नाही, तर गोळीसुद्धा. मग ते सैन्यात का गेलं नाही? किंमत 3 लाख डॉलर. एका सैनिकाच्या जिवापायी एवढा खर्च हिशेब ठेवणाऱ्यांना पटला नाही. चार-दोन वाक्यांत कवच किती तकलादू किंवा भक्कम आहे हे कळतं, आणि ते कोणाच्या वाट्याला येतं हेही.

‘द डार्क नाइट’मध्ये (2008) त्याच चिलखतातल्या ब्रूसला कुत्रा चावतो. आपल्या हाताने जखमेला टाके घालणारा हा नायक नंतर फॉक्सकडे आणखी जाड कवच मागत नाही. त्याला वजन कमी हवंय, चपळाई हवीये आणि मान वळवता यायला हवी. या शेवटच्या मागणीमागे पडद्यावरचा इतिहास आहे. 1989च्या ‘बॅटमॅन’मध्ये मायकेल कीटनचा रबरी मुखवटा खांद्यांपर्यंत सलग होता, बाजूला बघायचं तर अख्खं अंग फिरवावं लागे. वेशभूषाकार लिंडी हेमिंग यांनी 2008मध्ये मुखवटा मानेपासून सुटा केला.

फॉक्स नवा पोशाख देतो, पण बजावून: कवचाच्या पट्ट्या सुट्या केल्यात, आता सुरी आणि गोळी यांचा धोका वाढला. मला हा प्रसंग नोलनच्या तिन्ही बॅटमॅन चित्रपटांतला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात खरं शास्त्र आहे. केव्हलरचे धागे बोथट गोळीला जाळ्यासारखे धरतात आणि तिचा जोर पसरवतात. टोकदार पातं मात्र त्याच धाग्यांमधून वाट काढतं. म्हणून तर सुरीपासून बचावाची जाकिटं वेगळी बनवावी लागतात. शिवाय अडवलेल्या गोळीचाही दणका अंगावर बसतोच. सांधा वाकायचा तर तिथे फट ठेवावीच लागते.

नोलन ही अट विसरत नाही, याचं मला फार कौतुक आहे. ‘द डार्क नाइट’मध्येच खलनायक बनलेल्या हार्वी डेंटची गोळी पोटात बसते आणि बॅटमॅन कोसळतो. ‘द डार्क नाइट राइझेस’मध्ये (2012) खलनायक बेनच्या ठोशांनी मुखवटा फुटतो. आणि पहिल्या चित्रपटात जिला हे कवच अडवणार होतं, ती सुरी अखेर त्याच्या कुशीत शिरते, तीही विश्वासातल्या बाईच्या हातून. अंगावरच्या फटीइतकीच ती मनातलीही फट शोधून काढते.

हे तिन्ही चित्रपट पुन्हा पाहाल, तेव्हा मारामारीकडे धावताना फॉक्सचे प्रसंग पुढे ढकलू नका.