टाळ गेले कुठे?

जालना जिल्ह्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्या परिसरातील एका भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण मध्यंतरी एका विद्यार्थ्याने मला ऐकवले. मोबाइलवर नव्हे, तर मामाकडून मिळालेल्या जुन्या प्लेस्टेशन पोर्टेबलवर. सोनीचे हे हातात धरून खेळण्याचे यंत्र जपानमध्ये २००४ साली आले. त्यावर गाणीही ऐकता येतात. "सर, अगदी सीडीसारखे वाटते ना?" त्याने अभिमानाने विचारले.

नाही वाटत. बुवांचा आवाज शाबूत आहे, शब्द स्पष्ट आहेत, पखवाजही ठीक. पण टाळांची धार गेली आहे. ठोक्याऐवजी पाणी सळसळल्यासारखे काहीतरी ऐकू येते. टाळाविना भजन म्हणजे कणा नसलेले शरीर!

असे का झाले? सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांचे, दोन वाहिन्यांवर नोंदवलेले असतात. म्हणजे मिनिटाला सुमारे साडेदहा मेगाबाइट. विद्यार्थ्याकडचे कार्ड होते ३२ मेगाबाइटचे. त्यात जेमतेम तीन मिनिटे मावली असती. म्हणून त्याने सेकंदाला ६४ किलोबिट या दराची एमपी-थ्री फाइल केली. आकार बावीसपट घटला आणि तासभर भजन मावले.

ही घट फुकट मिळत नाही. मोठ्या आवाजाशेजारचा हलका आवाज कानाला जाणवत नाही. तेवढा भाग एमपी-थ्री कमी अचूकतेने नोंदवते. सलग स्वराला हे मानवते. टाळाचा ठोका मात्र क्षणात उसळतो आणि उंच कंपनसंख्यांपर्यंत पसरतो. एमपी-थ्री एरवी ५७६ नमुन्यांचे, म्हणजे सुमारे १३ मिलिसेकंदांचे तुकडे हाताळते. नोंदीतली चूक तुकडाभर पसरते, म्हणून ठोक्याच्या आधीच खरखर सुरू होते. यावर उपाय म्हणून १९२ नमुन्यांचे छोटे तुकडे वापरतात. पण त्यांना बिट अधिक लागतात, आणि येथे तर बिटांचाच दुष्काळ!

तरीही माझा आक्षेप रूपांतराला नाही. प्रवासात ऐकायला ही प्रत पुरेशी आहे. आक्षेप आहे तो पुढच्या कृतीला. "झाले ना काम" म्हणून मूळ मुद्रण पुसून टाकले गेले. त्यातील एक वृद्ध टाळकरी आता हयात नाहीत. टाकलेली माहिती कोणत्याही यंत्राने परत मिळत नाही. लहान फाइलची पुन्हा मोठी फाइल केली, तर फक्त आकार वाढतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, वर्गात करून पाहा. मूळ मुद्रण आणि त्याची ६४ किलोबिटची प्रत पडद्याआडून दहा वेळा वाजवा. प्रत्येक वेळी क्रम नाणेफेकीने ठरवा आणि मूळ कोणते ते ओळखायला सांगा. नऊ किंवा अधिक उत्तरे निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११ एवढीच. आधी गाणे ऐकवा, मग टाळ. आणि मूळ फाइल जपून ठेवा.